तीन घंट्या, रपट्याच्या अलीकडून

शैले, तुझ्या तेरवीला मी बुंदीचे दोन लाडू खाल्ले आणि गप्प बसले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर या कागदावर मी स्वतःला फार चांगली करून दाखवायला जाईन आणि तू असशील तिथून फिस्सकन हसशील.

तुझ्या गावच्या अंगणात पंगत बसली होती. माझ्या शेजारी तुझी आत्या. तिनं भाताचं आळं करता करता, जणू आज ऊन जास्त आहे म्हणावं तसं म्हटलं, "उतावळी होती पोट्टी. जलमभर उतावळी. त्याच उतावळेपणानं पाय मोडून घेतला, आलेली सोयरीक घालवली, आन जाताना बी कावीळ झाली तं नऊ दिवसांत आटपलं. थांबणं मालूमच नव्हतं तिले." तुझी माय वाढत होती. वरणाची बादली तिच्या हातात तशीच राहिली. ती म्हणाली, "हाव ना वं. किती सांगितलं तिले, सबूर कर माय, सबूर कर. ऐकलंच नाही कधी."

मी पत्रावळीकडे पाहत राहिले. तोंडात लाडू होता. शैले, तुझ्या मायच्या घरात मी सोडून एकाही माणसाला माहीत नव्हतं की तू उतावळी नव्हतीस. आणि मी लाडू गिळला.

कोणाला वाटेल, एवढं काय त्यात? मेलेल्या माणसाला लोक काहीतरी म्हणतातच. पण हे 'काहीतरी' मी तुझ्या माथी मारलेलं होतं. आणि तू ते बारा वर्षं हसत हसत मिरवलंस, म्हणून तर माझा जास्त जीव जळतो. कोणी सांगितलं होतं तुला एवढं मोठं मन करायला?

आपण नागपुरात आलो तेव्हा दोघी सारख्याच अडाणी होतो. एकाच मुलींच्या शाळेत मास्तरणी, तू भूगोल, मी गणित. महाल भागात एका खोलीत दोन खाटा, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकवलेल्या दोन सायकली. माझी लेडीज, मागच्या चाकाला साडीसाठी जाळी लावलेली. तुझी दांडीवाली जेन्ट्स, तुझ्या वडिलांची, आबांची जुनी. पहिल्या दिवशी तू त्या दांडीवरून पाय टाकून शाळेत आलीस तेव्हा बाईंच्या खोलीत दुपारभर दुसरा विषय नव्हता. तू डबा उघडत म्हणालीस, "सायकल आबाची आहे, पाय माझे आहेत. तुमचं काय चाललं त्यात?" मी तेव्हाच ठरवलं की हिच्याशी भांडण करायचं नाही. पुढं केलं, रोज केलं, ती गोष्ट वेगळी.

रविवार आला की शाळेच्या कपाटातला जुना नकाशा तू झोळीत घालायचीस. सुरुवात सेमिनरी हिलच्या पायवाटांनी झाली, मग फुटाळा तलावाच्या मागून वाडीपर्यंत, मग डांबरी रस्ता सोडून जिथं जिथं बैलगाडीची चाकोरी जाईल तिथं. साडीच्या आत तुझ्या भावाच्या जुन्या पॅन्ट. गाव मागं पडलं की साडी सोडायची, घडी करून कॅरिअरला बांधायची आणि निघायचं. एकदा एका म्हाताऱ्यानं आपल्याला साड्या सोडताना पाहिलं आणि बैल तिथंच टाकून पळाला. तू त्याच्यामागून ओरडत होतीस, "काका, आत पॅन्ट आहे! पॅन्ट आहे आत!" मी हसून हसून बाभळीत पडले होते. काटे तूच काढलेस, एकेक, शिव्या देत.

हे एवढ्यासाठी लिहिते की तुझी आठवण म्हटली की मला आधी हसूच येतं. मग त्या हसण्याच्या मागून बैलमोडी येते.

बैलमोडी तुझ्या गावची. पारशिवनीपर्यंत एसटीच्या टपावर सायकली चढवायच्या, कंडक्टरशी लगेजवरून वाद घालायचा, तिथून सहा कोस नाही पण चांगला दीड तास चालवत तुझं गाव, आणि गावामागं सागाच्या जंगलात तो उतार. बैलांचे गुडघे मोडतात म्हणून नाव बैलमोडी. वरून सरळ खाली, मध्ये मोहाच्या झाडाशी एक वळण, वळणानंतर पुन्हा उतार, आणि तळाशी नाल्यावर दगडांचा रपटा, कठडा नसलेला बुटका पूल. रपटा ओलांडला की समोर तसाच उभा चढ. खाली येताना ब्रेक दाबला तर पलीकडचा चढ चढत नाही, उतरून ढकलावी लागते. म्हणून ब्रेक न दाबता यायचं. कानात वारा शिरायचा, आणि रपट्यावरून धाडधाड करत गेलं की सायकल आपोआप अर्धा चढ चढून जायची. त्या अर्ध्या मिनिटासाठी आपण आठवडाभर वह्या तपासत होतो.

पण ब्रेक न दाबता यायचं तर खाली रस्ता साफ पाहिजे. गुरं असतील, गाडी असेल, अस्वल असेल. वरून वळणापुढचं काही दिसत नाही. म्हणून आपला कायदा होता, तूच केलेला. पहिलीनं सायकल हातात धरून पायी उतरायचं, रपटा ओलांडायचा, पलीकडे उभं राहायचं, नीट पाहायचं आणि तीन घंट्या वाजवायच्या. तीन घंट्या ऐकल्याशिवाय दुसरीनं पायडलला पाय लावायचा नाही. तू वर्गात पोरींना दिशा शिकवायचीस तशा कडक आवाजात मला तो कायदा शिकवला होतास. "अलीकडून नाही. पलीकडून. समजलं काय वं?"

समजलं होतं, शैले.

त्या रविवारी पावसाळा संपून पहिल्यांदाच आपण गेलो होतो. आदल्या आठवड्यात तुझी सोयरीक जुळली होती. काटोलकडचा मुलगा, तोही मास्तर. तुझ्या बॅगेत त्याचा फोटो होता आणि तो तू मला चार वेळा दाखवलास. चौथ्यांदा मी म्हटलं, "पाहिला ना एकदा. नाक बदललं का त्याचं?" गावापासून बैलमोडीच्या माथ्यापर्यंत आपण भांडत गेलो. मी म्हणत होते की लग्न झालं की तुझी सायकल कोठीत जाईल. तू म्हणत होतीस की त्याला सांगून ठेवलं आहे. मी म्हटलं, सांगून ठेवल्यानं नवरे ऐकतात काय. तू म्हणालीस, "तुले माझं बरं झालेलं पाहावत नाही." खरं होतं ते. मला ती खोली दिसत होती, एक खाट रिकामी असलेली.

खाली जायची पाळी माझी होती. मी तरातरा निघाले. मोहाच्या वळणापर्यंत आले. तिथून रपटा अजून शंभरेक पावलं, आणि वळण घेतल्याशिवाय दिसत नाही. मी थांबले. माझ्या मनात काय होतं ते मी आज लपवत नाही. मनात होतं: ये बाई, कर घाई, कर लग्न. रपटा जातो कुठं? तो तिथंच असतो. इथूनच वाजवते. मी घंटी तीनदा वाजवली. रागानं, अंगठा दुखेपर्यंत.

तू आलीस. वळणावर तू मला पाहिलंस. मी रपट्यापलीकडे नव्हते, अर्ध्या वाटेत मोहाखाली उभी होते, हे तुला दिसलं. तुझ्या चेहऱ्यावर भीती नव्हती ग, नुसतं आश्चर्य होतं, फळ्यावर चुकीचं उत्तर दिसावं तसं. तू ब्रेक दाबलास. खडीवर चाक घसरलं, पण थांबलं नाही. मग तू वळणापलीकडे गेलीस आणि मला फक्त आवाज आला.

पावसानं रपट्याचा मधला भाग वाहून नेला होता.

मी धावत गेले तेव्हा तू दगडांत पडलेली होतीस. डावा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला होता. सायकलचं पुढचं चाक वर होतं आणि अजून फिरत होतं. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. मी काहीतरी बडबडत होते, 'मी खाली आलेच नाही, मी आलेच नाही'. तू दात आवळून म्हणालीस, "चूप. आबाले कळलं तं तुले दारात उभी करणार नाहीत. मलेही परत पाठवणार नाहीत नागपूरला. ऐक, मी घंटीच्या आधी निघाली. तू वाजवलीच नव्हती. समजलं?"

मी नाही म्हटलं. तेव्हा तू माझा हात धरलास, रक्तानं माखलेला, आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. "माझ्या गळ्याची शपथ आहे. कोणाले सांगशील तं माझं मेलेलं तोंड पाहशील."

अशी शपथ आपल्याकडे कोणी थट्टेत घालत नाही. मी घेतली.

तुला बैलगाडीत घालून पारशिवनीला नेलं, तिथून नागपूर. पाय जुळला, गुडघा पूर्ण वाकला नाही तो नाहीच. काटोलचे लोक एकदा पाहून गेले. मग निरोप आला की पोरगी उतावळी आहे, आमच्या घरात चालणार नाही. लंगडी म्हणायला त्यांना लाज वाटली असेल, उतावळी म्हणणं सोपं होतं. तू तो निरोप ऐकून म्हणालीस, "बरं झालं, नाक मोठंच होतं त्याचं." मी हसले. शैले, तो तुला आवडला होता का? बारा वर्षांत मी हे एकदाही विचारलं नाही. तू हो म्हणाली असतीस तर मी कुठं गेले असते?

आणि मग तो शब्द तुला चिकटला. घरात दूध उतू गेलं, शैला उतावळी. गाडी चुकली, शैला उतावळी. भाच्याच्या बारशाला तू आधी पोचलीस तरी, आली उतावळी. माय दर सुट्टीत तुला समोर बसवून तोच धडा द्यायची. तू मान खाली घालून ऐकायचीस आणि माझ्याकडे तिरकं पाहून डोळा मारायचीस. मला तो डोळा मारलेला अजून सहन होत नाही.

मी विषय काढला नाही असं नाही. किती वेळा काढला. स्टोव्हपाशी, एसटीत, एकदा परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर बसून. दर वेळी तू तेच, "मी निघाली घंटीच्या आधी. तुझं काय चाललं?" शेवटी शेवटी तर तू इतक्या ठामपणे म्हणायचीस की मलाच शंका यायची. मी चिडायचे. "अगं, मला तरी खोटं सांगू नकोस, मी तिथं होते!" तू म्हणायचीस, "मीही होती." आणि घोंगडी ओढून झोपायचीस. जिंकायचीच तुला सवय.

आठ महिन्यांत तू परत सायकलवर बसलीस. सीट उंच केली, डाव्या पायडलला लाकडाचा ठोकळा बसवला. पुन्हा रविवार सुरू झाले. पण एक गोष्ट बदलली. आधी आपण पाळीपाळीनं पुढं जायचो. त्यानंतर तू कधीच पहिली उतरली नाहीस. पाय दुखतो म्हणायचीस. "तू जा. घंटी वाजव. येते मी." मी प्रत्येक उतार शेवटपर्यंत उतरायचे, पलीकडे जायचे, दोनदा पाहायचे, दगड बाजूला करायचे. वरून तुझा आवाज यायचा, "झालं काय वं? का अहवाल लिहून राहिली?" मग मी वाजवायचे. तिसरी घंटी संपते न संपते तोच तू निघालेली असायचीस, ब्रेकवर बोट नाही. एकदाही वळणावर मान वर करून पाहिलं नाहीस की मी कुठं उभी आहे.

ज्या घंटीनं तुझा पाय मोडला तिच्यावर तू बारा वर्षं अशी आलीस. मी याला काय म्हणू? क्षमा म्हणवत नाही. क्षमा करायला आधी कोणीतरी चूक कबूल करू द्यावी लागते, आणि तू मला ती करू दिली नाहीस. याचा मला राग आहे, शैले. तू गेल्यावरही आहे.

दवाखान्यात शेवटून दुसऱ्या दिवशी तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू म्हणालीस, "पावसाळा संपला की बैलमोडी करू. लय वर्षं झाली." आपण तिथं पुन्हा गेलोच नव्हतो, दर वेळी मीच काहीतरी काढायचे. मी म्हटलं, "शैले, त्या दिवशी मी..." तू डोळे मिटलेस. "पुन्हा तेच? डोकं नको खाऊ वं. पाणी दे." मी पाणी दिलं. आपलं शेवटचं बोलणं हेच.

शपथ मोडली तर तू मरशील म्हणून मी बारा वर्षं तोंड शिवून बसले. शपथ अक्षरन् अक्षर पाळली. तरी तू मेलीस. मग मी कोणासाठी गप्प आहे, हा प्रश्न तेरवीवरून परत येताना एसटीत मला पडला. आणि उत्तर मला आवडलं नाही. मी माझ्यासाठी गप्प होते. माय मला आवडते. तिच्या हातची भाकर मला पाहिजे होती, तिचं 'आली काय माझी दुसरी पोट्टी' पाहिजे होतं.

परवाच्या रविवारी मी एकटीनं सायकल टपावर चढवली.

माय पडवीत तूर निवडत होती. मला पाहून म्हणाली, "एकटी आली वं?" आणि लगेच मान सुपात घातली. मी बसले. पाणी प्यायले. गुळाचा खडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. मी म्हटलं, "माय, शैला उतावळी नव्हती. त्या दिवशी तिनं घंटी ऐकली होती. मीच वाजवली. मी खाली गेलेच नव्हते. अर्ध्यातूनच वाजवली, रागात. तिनं मला शपथ घातली होती म्हणून..."

मायचा हात सुपात थांबला.

"मंग ती थांबली होती?"

"थांबली होती. ती नेहमी थांबायची, माय. घंटीच्या आधी ती जन्मात कधी निघाली नाही."

सून दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. मग माय बोलली, आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बारा वर्सं मी त्या पोरीले बोलली. येता बोलली, जाता बोलली. दवाखान्यात बी बोलली, आधी दाखवलं काहून नाही, तुले सबूर नाही, असं. हे ऐकतच गेली ती." मग माझ्याकडे पाहिलं. "तू आधी काहून नाही सांगितलं वं? आता मी कोणापाशी जाऊन सांगू, का तू उतावळी नव्हती म्हणून?"

शपथ होती हे माझं सांगून झालं होतं आणि ते उत्तर नव्हतं. मी रडले. तिनं मला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि उठली.

"चाल. दाखव मले ती जागा."

बैलमोडी गावापासून फार नाही, पण मायचे गुडघे दुखतात. मी सायकल हातात धरून तिच्या मागं चालत होते. माथ्यावर पोचल्यावर तिनं खाली पाहिलं. साग तसाच, मोह तसाच.

"ती कुठं उभी होती?"

मी दाखवलं. माय तिथं जाऊन उभी राहिली. दोन्ही पाय नीट रोवून, तू उभी राहायचीस तशी.

"तू घंटी कुठून वाजवायले पायजे होती?"

"रपट्याच्या पलीकडून."

"मंग जा पलीकडं. वाजव."

मी उतरले, शैले. मोहाशी आले तेव्हा पाय आपोआप अडखळले. थांबले नाही. वळण घेतलं, शंभर पावलं उतरले. रपटा आता सिमेंटचा झाला आहे. मी त्याच्यावरून चालत गेले, दोन्ही कडा पाहिल्या, एक काटेरी फांदी पडली होती ती ओढून नाल्यात टाकली. पलीकडे गेले, वळले. सगळं पुन्हा एकदा पाहिलं. रस्ता साफ होता. मग तीनदा वाजवली.

वरून काही आवाज आला नाही. मी वाट पाहत राहिले. मग मोहाच्या वळणावर माय दिसली. एक हात गुडघ्यावर, एका हातात लुगड्याचा सोगा, एकेक पाऊल टाकत. तिथं ती थांबली, झाडाकडे पाहिलं, मग रपट्याकडे, मग माझ्याकडे. आणि पुन्हा निघाली. रपट्यावरून सरळ चालत आली, माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा श्वास लागला होता. मागं वळून तिनं त्या मोहाकडे बोट केलं.

"तिथून इथवर," ती म्हणाली. "एवढंच तं यायचं होतं वं तुले, कुसुम."

"हाव, माय," मी म्हटलं. "एवढंच."